किती झालं?

आमच्याकडं जुलै लागला की सकाळी कुणी कुणाला झोप झाली का, चहा घेतला का असलं काही विचारत नाही. थेट विचारतात, "किती झालं?" आणि समोरचाही किती म्हणजे कशाचं, असं विचारत नाही, तो दात घासत घासतच सांगतो, "एकतीस. रात्री अकराला तीस होतं." आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे, एवढाच त्याचा अर्थ. सांगलीच्या गावभागात वाढलेल्या पोरांना पाढे नंतर येतात, त्याआधी दोन आकडे पाठ होतात, ४० ला इशारा आणि ४५ ला धोका. मी पुण्यात नोकरीला लागले तेव्हा पप्पांचा व्हॉट्सअपला मेसेज आला होता, नुसता '३७', पुढं काही नाही मागं काही नाही. रूममेटनं तो बघितला आणि म्हणाली, अगं घरी कुणाला ताप आहे का? मी म्हटलं ताप नाही गं, नदी आहे.

तर मी २७ वर्षांची. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्यात चुका काढायच्या, ज्याबद्दल आजीचं म्हणणं आहे की त्याला पगार द्यायची काय गरज होती, आमच्या घरात हे फुकट करणारी माणसं आहेत. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप आणि दोन बॅगा घेऊन पंधरा दिवसांसाठी म्हणून घरी आले ती आजपर्यंत माडीवरच बसलेय. खिडकीला टेबल, टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपमागं वर नेऊन ठेवलेला गव्हाचा पिंप, आणि मीटिंगमध्ये कॅमेरा चालू करायचा असेल तर पिंप दिसू नये म्हणून मागं मी चादर बांधलीय.

यंदा मार्चमध्ये एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. कंपनीचा मेल आला की जूनपासून आठवड्याचे तीन दिवस ऑफिसला यायचं. आणि पप्पा रात्री जेवताना भाकरी मोडत, ताटाकडं बघतच म्हणाले, "घर विकूया म्हणतोय." आजी शेजारीच बसली होती. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही, कारण तिनं फक्त आमटी मागितली.

पप्पा गणपती पेठेत एका होलसेल किराणा दुकानात दिवाणजी आहेत, तीस वर्षं झाली. पगार हातात मिळतो, स्लिप बिप काही नाही. बँकेला स्लिप लागते. स्लिप माझ्याकडं आहे. म्हणजे विश्रामबागच्या बाजूला, जिथं पाणी येत नाही तिथं फ्लॅट घ्यायचा तर जुन्या घराचे पैसे अधिक लोन, आणि लोन माझ्या नावावर, वीस वर्षं. फिटेल तेव्हा मी ४७ ची. आत्या म्हणाली, माहेरच्या घराचा हप्ता भरते म्हटल्यावर स्थळं कशी यायची हिला? खरं सांगू का, त्या वाक्यामुळं मला लोन घ्यावंसं वाटायला लागलं होतं.

पण चेष्टा बाजूला. हे घर विकायचं का, मी पुण्याला परत जायचं का, हप्ता डोक्यावर घेतला तर उद्या नोकरी आवडत नाही म्हणून सोडता येईल का, असे सगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत, एकाला हात लावला की दुसरा हलतो. आणि घरात चौघं माझ्या तोंडाकडं बघतायत, जसं काय मीच आयर्विनचा आकडा सांगणार आहे.

आमच्या माजघराच्या दाराची चौकट सागवानी आहे, जुनी. तिच्यावर डाव्या बाजूला माझी आणि धाकट्या भावाची उंची लिहिलीय, दर वाढदिवसाला पाटीवरच्या पेन्सिलीनं रेघ आणि तारीख. उजव्या बाजूला पाण्याच्या रेघा. २००५ ची रेघ चार फुटांवर. तेव्हा मी सात वर्षांची होते आणि माझी डावीकडची रेघ तिच्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. लहानपणी मला ही शर्यतच वाटायची, नववी-दहावीपर्यंत तर मी तिला कधीच मागं टाकलं होतं. मग २०१९ आलं आणि त्या पाण्याची रेघ चौकटीवर मावलीच नाही, ती वर भिंतीवर आहे, चौकटीच्याही हातभर वर. २०२१ ची माझ्या डोळ्यांच्या रेषेत येते. म्हणजे दाराशी सरळ उभी राहिले की मी बरोबर २०२१ मध्ये बघते.

मे महिन्यात घर बघायला एक गिऱ्हाईक आलं. पहिला प्रश्न, पूररेषेच्या ब्ल्यू लाईनमध्ये येतं का रेड लाईनमध्ये. मग ते चौकटीपाशी आले, रेघा बघितल्या, मोबाईल काढला आणि फोटो मारला. उजव्या बाजूचा. जाताना बोलले ते आमच्या अपेक्षेच्या निम्म्याच्या जरा वर होतं. भाऊ चिडला, म्हणाला मी आधीच सांगितलं होतं पॉलिश पेपर मारून घासून टाकूया. आजी म्हणाली, "आणि डावीकडची?" पॉलिश पेपर मारायचा तर दोन्हीकडं मारायला लागणार, नाहीतर एकच बाजू पांढरी दिसणार. मग तो विषय तिथंच राहिला.

२०१९ चं सगळ्यांनी इतकं सांगून झालंय की मला परत सांगायचा कंटाळा येतो, पण त्याशिवाय पप्पांचं म्हणणं कळणार नाही. नागपंचमी होती. आईनं दिंडं उकडायला ठेवली होती आणि पप्पा दर तासाला पुलावर जाऊन येत होते. आम्हाला २००५ माहीत होतं, तेव्हा आकडा ५३ च्या वर गेला होता, म्हणजे आमच्या डोक्यात जास्तीत जास्त पाणी म्हणजे चार फूट, चौकटीवरच्या रेघेइतकं. त्या हिशोबानं आम्ही सामान पाच फुटांवर ठेवलं. फळ्यांवर, कपाटावर, टेबलावर टेबल. आणि आम्हाला वाटलं झालं काम, आपण हुशार. त्या वर्षी ५७ च्या वर गेलं. पाच फुटांवर ठेवलेलं सगळं गेलं. मला अजून वाटतं की आम्हाला पाण्यानं नाही, आमच्याच जुन्या रेघेनं बुडवलं.

आजी शेवटपर्यंत निघत नव्हती. शेवटी पाणी गल्लीच्या तोंडाला आलं तेव्हा निघाली, आणि हातात काय घेतलं तर लाइटबिलांची फाईल. दागिने आईनं आधीच कमरेला बांधले होते, देव भावाकडं होते, आणि आजीकडं चाळीस वर्षांची लाइटबिलं. म्हणाली, घर आपलं आहे हे सांगायला कागद लागतो. आत्याच्या टू बीएचकेमध्ये आम्ही अकरा माणसं नऊ दिवस होतो. रात्री पप्पा गॅलरीत उभे राहायचे. नदी दिसत नव्हती तिथून, नुसती समोरची बिल्डिंग आणि तिच्यावरचा डिश अँटेना, तरी बघत उभे राहायचे.

परत आलो तेव्हा दार उघडेना. आतून गाळानं दाबलं होतं. उघडल्यावर जो वास आला तो मला आजही मधूनच येतो, कुजलेला गहू आणि डिझेल आणि ओल्या भिंतीचा एकत्र वास. त्या वर्षी राखीपौर्णिमा आणि १५ ऑगस्ट एकाच दिवशी आले होते, बाहेर कुणाच्या तरी स्पीकरवर देशभक्तीची गाणी आणि मी भावाच्या चिखलाच्या मनगटाला सुतळी बांधली होती, राख्या कुठून आणणार? पप्पा दुपारी दुकानाकडं जाऊन आले आणि ओट्यावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, साखरेची पोती आहेत तशी आहेत. थप्पीला लावलेली, शिवण सुद्धा उसवली नाही. हात लावला की खाली बसतात. आत काहीच नाही.

माझ्या डोक्यात मात्र फोटोचा अल्बम बसलाय. आई-पप्पांच्या लग्नाचा, त्या मधे पातळ कागद असलेल्या पानांचा. आईनं परातीत स्वच्छ पाणी घेतलं आणि एकेक फोटो त्यात ठेवून बोटानं गाळ काढत होती. गाळ निघायचा आणि गाळाबरोबर रंगही निघायचा. परातीतलं पाणी आधी तपकिरी झालं, मग गुलाबी, मग निळसर. एका फोटोत आईचा चेहरा गेला पण शालूचा काठ तसाच राहिला, जरीचा, स्पष्ट. तिनं तो वाळत घातला दोरीवर, चिमटा लावून. मी म्हटलं, आई, यात काय राहिलंय? ती म्हणाली, काठ आहे की.

तर पप्पांचं म्हणणं असं की तिसऱ्यांदा हे माझ्याच्यानं होणार नाही. २०२१ ला ५५ च्या आसपास आलं तेव्हा आम्ही सगळं माडीवर नेलं होतं, फार नुकसान झालं नाही, पण पप्पांना त्यानंतर पावसाचा आवाज सहन होत नाही. पत्र्यावर पाऊस लागला की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. टीव्हीवर काय लागलंय ह्याच्याशी संबंध नाही.

मी हे सगळं बोलायला दर शनिवारी घाटावर जाते. आम्ही तिघं. एक मी. दुसरी माझी शाळेतली मैत्रीण, जी चार वर्षं अभ्यासिकेत बसून एमपीएससी करतेय, तिचा नंबर दोनदा कटऑफला थोडक्यात अडकला, त्यामुळं तिला कुणी 'पुढं काय' विचारलं की ती सरळ भडंगाचा कागद पुढं करते. आणि तिसरा जतवाला. कॉलेजपासूनचा मित्र, आता सांगलीत खतांच्या कंपनीचा सेल्समन. आम्ही विष्णू घाटाच्या पायऱ्यांवर बसतो, पाणी उन्हाळ्यात लांब असतं, पलीकडं सांगलवाडीचे दिवे लागतात, आणि कुणी ना कुणी पोहत असतंच, नदीत मगरी आहेत हे सगळ्यांना माहीत असून. मी कायम म्हणते की सांगलीच्या माणसाला मगरीपेक्षा कर्नाटकातल्या अल्मट्टी धरणाची भीती जास्त वाटते. बाजूच्या पायरीवर कुणीतरी काका लोक बसलेले असतात आणि ते ५१९ मीटर का ५२४ मीटर यावर भांडत असतात, कर्नाटकनं धरणाची उंची वाढवली तर आपलं काय, अल्मट्टीमुळं फुगतं की वारणेमुळं. वारणा हरिपूरला येऊन कृष्णेला मिळते, तिला पूर असला की कृष्णेला पुढं सरकायला जागाच मिळत नाही आणि पाणी मागं आमच्याकडं चढतं, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, ह्या पायऱ्यांवर शिकले. कोयना धरण १०५ टीएमसीचं, सहा दरवाजे, दीड फुटांनी उचलले की विसर्ग किती, तेही इथंच.

जतवाला ह्या गप्पांना हसतो. त्याचं गाव आमच्याच जिल्ह्यात, आणि त्याच्या लहानपणीच्या आठवणीत पाणी म्हणजे टँकर. टँकर आल्यावर पाईप विहिरीत सोडायचे आणि बाया विहिरीतनं शेंदून घ्यायच्या, तो टँकरच्या मागं पळायचा कारण टाकीच्या खालून जे गळतं त्यात पाय भिजवायला मिळायचे. एप्रिल २०१६ ला मिरजेतनं रेल्वेनं लातूरला कृष्णेचं पाणी नेलं तेव्हा आम्ही कॉलेजात होतो, सगळे मिरज स्टेशनला बघायला गेलो होतो, पोरं सेल्फी काढत होती. तो गप्प होता. नंतर म्हणाला, लातूरला रेल्वे जाते म्हणून पाणी गेलं, आमच्या गावाला रेल्वे नाही. आणि त्याच नदीनं तीन वर्षांनी आमचं घर चौकटीच्या वर बुडवलं. त्यावर तो एकदा घाटावर म्हणाला होता, "देव हाय का नाही मला म्हाईत नाही. पण असला तर त्याला वाढपी म्हणून पंगतीत उभा करू नका. एकाच्या पानात सगळं वततोय आन् दुसऱ्याकडं बघत बी नाही." आमची आजी हे ऐकेल तर काय म्हणेल असं वाटून मला आधी हसू आलं आणि मग नाही आलं.

तर त्या शनिवारी मी माझं पुराण लावलं होतं. विकायचं का, जायचं का, वीस वर्षं. एमपीएससीवाली शांतपणे शेंगदाणे वेचून खात होती, भडंगातले शेंगदाणे आधी संपवते ती, वाईट सवय. मग म्हणाली, "तुला एक सांगू? तुमच्या घरात आजवर कुणी काही ठरवलेलंच नाही. पाणी ठरवतं आणि तुम्ही सामान उचलता."

मला राग आला. पण घरी जाताना मारुती चौकातून चालत चालत मी मोजायला लागले. माझी शाळा बदलली ती २००५ च्या पुरानंतर, कारण जुन्या वर्गात ओल होती. पप्पांना स्वतःचं छोटं दुकान काढायचं होतं, त्यासाठी साठवलेले पैसे २०१९ च्या गाळात गेले, म्हणजे दुरुस्तीत गेले, आणि ते दिवाणजीच राहिले. मी पुण्याहून परत आले ती लॉकडाऊनमुळं, ते पाणी नव्हतं पण चढत्या पाण्यासारखंच होतं, रोज सकाळी आकडा बघायचा. आणि आता परत जायचं तर तेही मेल आलाय म्हणून. मी मनापासून काय मागितलं असं आठवायला गेले तर एकच आठवलं, सातवीत असताना हिरवी सायकल. ती मिळाली होती. ती २०१९ ला गेली.

आजीकडं मात्र उत्तर तयार असतं. तिचं माहेर हरिपूर. सांगलीतून हरिपूरला जायचा तो चिंचांच्या झाडांचा रस्ता, तिथनं ती लग्न होऊन बैलगाडीतनं आली, अंतर म्हणशील तर तासाभराचं चालत, पण ती अशी सांगते जसं काय समुद्र ओलांडून आली. तिच्या वडिलांची हळदीची पेवं होती. आता नव्या पोरांना पेव म्हणजे काय ते सांगायला लागतं, जमिनीत खोल खणलेली कोठी, तोंड लहान आणि आत पोट मोठं, आत हळद भरायची आणि वरून तोंड मातीनं लिंपून बंद करून टाकायचं, वर्षानुवर्षं. हरिपूरच्या मातीत ती हळद किडत नाही. उघडताना घाई करायची नाही, आत हवा कोंडलेली असते, तोंड उघडून ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, विझला तर माणूस आत उतरवायचा नाही. आजी हे सांगताना आवाज खाली आणते, तिचे वडील कंदील सोडायचे तेव्हा ती कडेला पालथी पडून आत बघायची. "पिवळा अंधार असतो," म्हणाली मला एकदा. मी त्यानंतर असला शब्द कुठं ऐकला नाही.

तिचा मुद्दा एवढाच की मातीत ठेवलेलं टिकतं, उलट रंग चढतो. म्हणून घर सोडायचं नाही. पप्पा म्हणतात, "आई, २००५ ला पेवात बी पाणी शिरलं होतं की. हळद गेली की लोकांची." आजी म्हणते, "तो दोष पाण्याचा. पेवाचा नव्हं." २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं तेव्हा पप्पांनी पेपरातली बातमी वाचून दाखवली होती, आजी म्हणाली, आता सरकारला कळलं का? तिला वाटलं पेवांचंच कौतुक केलंय.

मला दोघांचंही पटतं, हीच अडचण आहे. टेस्टिंगमध्ये असं नसतं, तिथं बग असतो किंवा नसतो.

आईला मी काही विचारलंच नव्हतं. हे मला जूनच्या पहिल्या आठवड्यात कळलं, आणि तेही जिन्यात. दर वर्षी मृग लागला की आई सामान वर न्यायला लागते, पाणी येवो न येवो. तिचा क्रम ठरलेला आहे, कागदपत्रं आणि अंथरुणं आधी, मग धान्य, मग मिक्सर आणि शेगडी, मग शिलाई मशीन, सिलिंडर सगळ्यात शेवटी कारण तोपर्यंत स्वयंपाक लागतो, आणि देव ज्याचा त्यानं हातात. मागची काही वर्षं आकडा चाळिशीच्या आसपास येऊन परत फिरलाय, घरात थेंब आला नाही, तरी तिनं दर वेळी सगळं वर नेलं आणि गणपतीच्या आधी खाली आणलं. त्याला पूर म्हणत नाहीत. पेपरात येत नाही ते.

मशीन जुनं आहे, बिडाचं, पायाचं. स्टँड वेगळा करून नुसतं डोकं न्यायचं म्हटलं तरी जड. लाकडी जिना अरुंद, मी वर, आई खाली, मधल्या पायरीवर थांबलो दम खायला. खिडकीच्या फटीतनं ऊन तिच्या हातावर पडलं होतं, आणि त्या हातावर मशीनच्या तेलाचा काळा पट्टा. मी म्हटलं, "आई, तुला काय वाटतं गं? विकायचं का?"

"धर नीट. बोट चेंगरेल."

वर नेऊन ठेवलं. ती गव्हाच्या पिंपाला टेकून खाली बसली, माझ्या मीटिंगच्या चादरीच्या मागं. पदरानं तोंड पुसलं. आणि मला वाटलं विषय संपला, तर म्हणाली, "मला की नाही, एकदा डबे खाली ठेवायचेत."

मला कळेना.

"डाळींचे, पोह्यांचे. खालच्या फळीवर. वाकायचं, डबा घ्यायचा, परत ठेवायचा. तेवढंच." तिनं गुडघ्यावर हात ठेवला. "२००५ पासून सगळं वरच्या फळीवर आहे आपलं. स्टूल घेऊन चढते मी. चहाला साखर पाहिजे, चढ. फोडणीला मोहरी पाहिजे, चढ. बाकी तुमचं ते लोन आणि काय ते, तुम्ही ठरवा."

मी २७ वर्षं त्या घरात जेवतेय आणि मला ते स्टूल स्वयंपाकघरातलं फर्निचर वाटत होतं.

मग जूनच्या शेवटच्या रविवारी आम्ही विश्रामबागकडं एक फ्लॅट बघायला गेलो. नुसता बघायला, असं पप्पा चारदा म्हणाले. मी पुण्याहून शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं आले होते, तीन दिवस ऑफिस सुरू झालंय, त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, सध्या बॅग अर्धी भरलेलीच असते. आजी पण आली. तिला आणायचं नव्हतं पण ती आधीच चप्पल घालून ओट्यावर बसलेली. एजंट तरुण पोरगा होता, कानात ब्लूटूथ, प्रत्येक खोलीत जाऊन "स्पेस बघा स्पेस" म्हणत होता. तिसरा मजला. पूर्वेचं दार. व्हेंटिलेशन. पप्पा भिंतींवर हात फिरवत होते, सगळ्या भिंती खालपासून वरपर्यंत एकाच रंगाच्या, त्यांना ते बघवत नसावं असं वाटलं की बघत राहावंसं वाटत होतं, मला कळलं नाही. आजी गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि विचारलं, "नदी कुणीकडं?"

एजंट खूष झाला. "नदी लांब आहे आजी, टेन्शनच नाही."

"लांब म्हणजे किती?"

त्याला सांगता येईना. मग तिनंच सूर्य बघून अंदाज घेतला आणि एका बाजूला तोंड करून उभी राहिली.

आई सरळ स्वयंपाकघरात गेली होती. आधी कट्टा मोजला, वितीनं, अंगठा आणि करंगळी ताणून, एक दोन तीन करत भिंतीपर्यंत. मग खाली बसली. गुडघ्याचा आवाज आला मला दारातनं. खालची दोन्ही दारं उघडली तिनं, आत डोकं घातलं. आत सिंकचे पाईप होते आणि दुसऱ्या बाजूला सिलिंडरची जागा. मधे जेमतेम एक ताटांचं स्टँड बसेल एवढं.

"इथं डबे कुठं बसायचे?" तिनं विचारलं.

"वर ओव्हरहेड स्टोरेज आहे ना काकू, फुल वॉल," एजंट म्हणाला आणि वरची दारं थाडथाड उघडून दाखवली.

आईनं वर बघितलं. मग कट्ट्याला धरून उठली, साडी झटकली, आणि म्हणाली, "हा नको. दुसरा दाखवा."

भाजीवाला सोडून बाकी कुणाला आईनं 'नको' म्हटलेलं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. एजंटनं पप्पांकडं बघितलं. पप्पांनी माझ्याकडं. मी आईकडं बघत होते.

"वर सहाव्याला आहे एक," तो म्हणाला, "किचन मोठं आहे, पण काकू, रेट जरा..."

"रेटचं नंतर. आधी खालची फळी बघते."

आजी लिफ्टमध्ये पहिल्यांदाच चढली. आत आरसा होता त्यात तिनं स्वतःला बघून पदर सारखा केला आणि माझा दंड गच्च धरला. दार बंद झालं, हादरा बसला, आणि दाराच्या वर तो लाल आकडा बदलायला लागला तशी तिची नजर तिथं गेली.

"किती झालं?"

"चार," पप्पा म्हणाले. "चढतंय अजून."